आवाज न चढवता

माझ्या मामेभावाला दुखणं उठलं की तो बोलत नाही. भिंतीकडे तोंड करतो, गुडघे पोटाशी घेतो आणि पडून राहतो. घरातल्यांना आता ते कळतं. लहान होता तेव्हा कळायचं नाही. शाळा बुडवायची म्हणून सोंग करतो, असं मास्तरांना वाटायचं आणि खरं सांगायचं तर काही दिवस आम्हालाही तसंच वाटलं. त्याच्याकडे लाल कार्ड आहे. विदर्भातल्या माणसाला लाल कार्ड म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा नुसता वाहक असेल तर पिवळं कार्ड मिळतं, प्रत्यक्ष आजार असेल तर लाल.

कॉलेजात असताना एकदा तो नागपुरात आठवडाभर वॉर्डात होता. हाताला सलाईन, दोन्ही पिंढऱ्यांखाली गरम पाण्याच्या पिशव्या, कानात इअरफोन. काय ऐकतोस म्हणून विचारलं, तर त्यानं एक इअरफोन काढून माझ्या हातावर ठेवला. संथ, जड ठेका होता आणि त्यावर एक माणूस जराही आवाज न चढवता बोलत होता. शब्द मला धड कळले नाहीत. मामेभाऊ म्हणाला, "दादा, ह्याला पण माझंच होतं."

तो माणूस म्हणजे आल्बर्ट जॉन्सन. रॅपच्या जगात त्याचं नाव प्रॉडिजी, 'मॉब डीप' या न्यूयॉर्कच्या जोडीतला एक. दुसरा हॅवॉक. त्या वॉर्डातून निघाल्यापासून मी या माणसाच्या मागे लागलो. त्याचं आत्मचरित्र वाचलं, मुलाखती पाहिल्या, त्याची गाणी मामेभावाबरोबर बसून शब्द थांबवत थांबवत ऐकली. बंदुका, गल्लीतल्या मारामाऱ्या, ड्रग्जचा धंदा यांनी भरलेली ती गाणी पहिल्यांदा अंगावर येतात. लोक त्याला 'गँगस्टर रॅपर' म्हणून ओळखतात, तेही चूक नाही. पण मला तो सगळ्यात आधी रुग्ण वाटतो. जन्मापासून मरेपर्यंत एक दिवस सुट्टी न मिळालेला रुग्ण.

त्याचा जन्म २ नोव्हेंबर १९७४ चा, न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवरच्या हेम्पस्टेड गावातला. घराणं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं. आजोबा बड जॉन्सन हे जॅझमधले नावाजलेले सॅक्सोफोनवादक आणि संगीत-संयोजक. टेक्सासमधल्या डॅलसचे. शिकागोत अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. १९४४ साली कोलमन हॉकिन्स आणि डिझी गिलेस्पी यांच्याबरोबर झालेलं जे ध्वनिमुद्रण बीबॉप शैलीतलं पहिलं मानलं जातं, त्यातही ते होते. आजोबांचे भाऊ केग जॉन्सन ट्रॉम्बोन वाजवायचे. आजी बर्नीस जॉन्सन यांची क्वीन्समधल्या जमेका भागात नृत्यशाळा होती, तिथे कृष्णवर्णीय मुलामुलींच्या पिढ्या नाचायला शिकल्या. आई फातिमा काही काळ 'द क्रिस्टल्स' या गायिकांच्या गटात होती. वडीलही गायचे, पण हेरॉइननं त्यांना खाल्लं आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. एका घरात इतकं संगीत आणि त्याच घरात ही पडझड. प्रॉडिजीनं आत्मचरित्रात दोन्ही सारख्याच सपाटपणे सांगितलंय, कुणाला माफ न करता आणि कुणावर चिडूनही नाही.

आणि त्याच्या रक्तात सिकलसेल. त्याचा प्रकार होता एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेलं. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी असते. निरोगी तांबडी पेशी गोल आणि मऊ असते, बारीकशा केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी घटलं, थंडी लागली, दमणूक झाली की ती पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. मग अशा पेशी एकमेकींत अडकून वाट बुजवतात. त्याच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाड आतून ठणकायला लागतं. डॉक्टर त्याला 'क्रायसिस' म्हणतात. बाहेरून सहसा काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. एक्सरे काढला तर तोही बहुतेक वेळा चांगला येतो.

अमेरिकेत हा आजार कृष्णवर्णीयांचा म्हणून ओळखला गेला. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्याची पहिली वैद्यकीय नोंद छापली. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगनं १९४९ मध्ये हा रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचं दाखवून दिलं. विज्ञान इतकं लवकर पोचलं, उपचार मात्र मागेच राहिला, कारण रुग्ण कोण होते ते सगळ्यांना माहीत होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी वस्त्यांमधून मोफत रक्ततपासण्या सुरू केल्या, तेव्हा कुठे सरकार हललं आणि १९७२ साली त्यासाठी कायदा झाला. प्रॉडिजीच्या जन्माला तेव्हा दोनच वर्षं उरली होती.

आपल्याकडे या आजाराची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमधली. पूर्व विदर्भ आणि नंदुरबार या पट्ट्यांत तो आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये जास्त. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. आफ्रिकेत हेच घडलं, आणि गडचिरोलीच्या जंगलातही. म्हणून एका बाजूला क्वीन्समधला रॅपर आणि दुसऱ्या बाजूला वॉर्डातला माझा मामेभाऊ यांच्यात जे नातं आहे, ते मी जुळवलेलं नाही. ते डासानं जुळवलंय.

प्रॉडिजी मॅनहॅटनमधल्या हायस्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये शिकत असताना त्याला केजुआन मुचिता भेटला, म्हणजेच हॅवॉक. तो राहायचा क्वीन्सब्रिजमध्ये. क्वीन्सबरो पुलाच्या पायथ्याशी १९३९-४० च्या सुमारास उभी राहिलेली सहा-सहा मजली विटांच्या इमारतींची ही सरकारी वसाहत. तीन हजारांहून जास्त घरं, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी सार्वजनिक गृहवसाहत. समोर नदी, नदीपलीकडे मॅनहॅटनचे श्रीमंत मनोरे. रॅपमधले मार्ली मार्ल, एमसी शॅन, नॅस हे सगळे इथलेच. (आपल्याकडच्या 'गली बॉय' चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माता म्हणून जो नॅस आहे, तोच हा.) प्रॉडिजी तिथला रहिवासी नव्हता, पण दिवसरात्र तिथेच पडलेला असायचा.

दोघांची पहिली तबकडी 'जुव्हेनाइल हेल' १९९३ मध्ये आली आणि आपटली. कंपनीनं करार मोडला. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. ज्या गल्लीनं काल खांद्यावर घेतलं, तीच आज मागे हसतेय, असे ते दिवस. मला या दोघांचं कौतुक वाटतं ते इथे. दुसऱ्याच्या बीटवर बोलून आपलं काही जमत नाही हे त्यांनी ओळखलं आणि बीट स्वतः करायला बसले. हॅवॉकच्या घरात सॅम्पलर, जुन्या तबकड्या आणि खिडकीबाहेर क्वीन्सब्रिज.

तिथे जे घडलं त्यातलं एक गाणं जवळून बघण्यासारखं आहे: 'शूक वन्स, पार्ट टू'. शूक म्हणजे आतून हादरलेला, वरून छाती काढून फिरणारा पण वेळ आली की थरथरणारा. गाण्याच्या तळाशी पियानोचे काही सूर आहेत, इतके ओढलेले आणि खाली आणलेले की ते पियानोचे आहेत हेच कळत नाही. हे सूर कुठून घेतले याचा शोध चाहते सोळा वर्षं घेत होते. २०११ साली तो लागला: हर्बी हॅनकॉकची 'जेसिका' ही १९६९ ची रचना. मूळ रचना हळुवार आहे, संध्याकाळी खिडकीत बसून ऐकावी अशी. हॅवॉकनं तिचा एक तुकडा कापला, वेग बदलला, सूर हलवला आणि त्या हळुवारपणाची भीती करून टाकली. त्यानं पुढे सांगितलंय की ती बीट तो पुसूनच टाकणार होता, मित्रांनी अडवलं म्हणून राहिली. बड जॉन्सनचा नातू त्या जॅझच्या तुकड्यावर उभा राहून बोलला. नकळत का होईना, आजोबांचं घर पायाखाली आलं.

एप्रिल १९९५ मध्ये हे गाणं असलेला 'द इन्फेमस' हा अल्बम प्रकाशित झाला. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या रॅप गटाच्या क्यू-टिपनं त्याच्या ध्वनीवर मोठा हात फिरवला होता. या अल्बमनं न्यूयॉर्कच्या रॅपचा रंग बदलला असं जाणकार म्हणतात आणि ऐकताना ते पटतं. सात वर्षांनी आलेल्या 'एट माइल' चित्रपटात पहिल्याच दृश्यात एमिनेम आरशासमोर हातवारे करतो, तेव्हा त्याच्या कानात 'शूक वन्स' वाजत असतं. जगभरात लाखो लोकांना हे गाणं त्या दृश्यामुळे माहीत आहे.

पण मला बोलायचंय ते त्याच्या आवाजाबद्दल. त्या काळचे बहुतेक रॅपर जोरानं बोलायचे. टुपॅक तर प्रत्येक ओळ सभेत उभा असल्यासारखा फेकायचा. प्रॉडिजी बसल्या जागी बोलल्यासारखा बोलतो. शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकतो, यमक जुळलं नाही तर नाही जुळलं, धमकीसुद्धा जांभई यावी इतक्या शांतपणे देतो. समीक्षक याला थंडपणा म्हणतात, निर्विकारपणा म्हणतात. मी मामेभावाला क्रायसिस ओसरतानाच्या दिवसांत बोलताना ऐकलंय. तो जपून श्वास घेतो, वाक्य लांबवत नाही, आवाज वर नेत नाही कारण वर नेला की छातीत कळ येते. प्रॉडिजीच्या शैलीचं मूळ आजारात आहे असा दावा मला करता येणार नाही. तरी 'द इन्फेमस' लागला की मला तो श्वासच आधी ऐकू येतो.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या रॅपरांच्या भांडणात टुपॅकनं 'हिट एम अप' हे गाणं काढलं. त्याच्या शेवटी त्यानं मॉब डीपला शिव्या घालताना प्रॉडिजीच्या सिकलसेलची थट्टा केली. टुपॅकच्या गुणांबद्दल मला आदर आहे, त्याची आई स्वतः ब्लॅक पँथर होती आणि त्याच पँथरांनी या आजारासाठी दारोदार फिरून रक्त तपासलं होतं. म्हणून हे जास्त लागतं. त्याच सप्टेंबरात टुपॅकचा लास वेगासमध्ये गोळ्या लागून मृत्यू झाला. हिशेब तसाच राहिला.

त्या जगात आजारी असणं म्हणजे कमकुवत असणं. ज्याच्या सगळ्या गाण्यांचा गाभाच 'तू हादरलास, मी नाही' हा आहे, त्यानं आपण महिन्यातले काही दिवस पलंगावरून उठू शकत नाही हे कसं सांगायचं? प्रॉडिजीला त्यासाठी आणखी चार वर्षं लागली. २००० च्या नोव्हेंबरात आलेल्या 'एच.एन.आय.सी.' या त्याच्या पहिल्या एकट्याच्या अल्बममध्ये 'यू कॅन नेव्हर फील माय पेन' हे गाणं आहे. वॉर्डात मी ऐकलं ते हेच. रॅपमध्ये दुःखाची गाणी पुष्कळ आहेत, गरिबीची, मेलेल्या मित्रांची, आईची. हा त्या सगळ्यांना बाजूला सारतो. शरीराचं, कायमचं, औषधाशिवाय न हटणारं दुखणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि ती तुम्हाला कळायची नाही, असं तो सरळ सांगतो. लहानपणापासूनचे दवाखाने येतात, सुया येतात, देवावरचा रागही येतो. दया मागत नाही. उलट ऐकणाऱ्याला तो दाराबाहेरच उभा ठेवतो.

मामेभावाला या गाण्यात काय सापडतं ते मी त्याला विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सगळे म्हणतात मला समजतं तुझं. हा म्हणतो कुणालाच समजत नाही. बरं वाटतं."

त्याचं ते 'बरं वाटतं' मला फार दिवस पुरलं. अमेरिकेतल्या सिकलसेल रुग्णांची जुनी तक्रार आहे की तातडीच्या विभागात गेलं आणि मॉर्फिनसारखं वेदनाशामक मागितलं की समोरच्याला तो रुग्ण न वाटता नशेबाज वाटतो. काळा तरुण असेल तर जास्तच. दुखणं दिसत नाही म्हणून ते सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करायला फार ओरडलं तर नाटक, गप्प राहिलं तर दुखत नसावं. आमच्या शाळेतही यापेक्षा वेगळं घडलं नव्हतं.

'एच.एन.आय.सी.'च्या पुढच्याच वर्षी, जून २००१ मध्ये, न्यूयॉर्कच्या समर जॅम मैफलीत जे-झी या रॅपरनं हजारो लोकांसमोर मोठ्या पडद्यावर प्रॉडिजीचा लहानपणीचा फोटो दाखवला. आजीच्या नृत्यशाळेतल्या कार्यक्रमाचा, नाचाच्या पोशाखातला. प्रेक्षक हसले. गल्लीतला दांडगा म्हणवणारा हा पोरगा लहानपणी नाचायचा, एवढाच मुद्दा होता. त्यातून मॉब डीपच्या दबदब्याला तडा गेला तो गेलाच. मी तो प्रसंग जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच येतं. दमलं तरी, थंडी लागली तरी ज्याचं हाड ठणकतं असा मुलगा आजीनं शिवून घेतलेला पोशाख घालून रंगमंचावर उभा आहे, आणि नाचतोय. इतकं धाडस त्याच्या बंदुकांच्या कुठल्याच गाण्यात नाही. पण हे तेव्हा कुणाला सुचलं नाही, बहुधा त्यालाही नाही.

मधल्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १९९९ चा 'मर्डा म्युझिक' दहा लाखांवर खपला होता, नंतरचे अल्बम तेवढे चालले नाहीत. २००५ मध्ये ते फिफ्टी सेंट या रॅपरच्या कंपनीत गेले. एक नाव मात्र घ्यायलाच हवं, अल्केमिस्ट या निर्मात्याबरोबर केलेल्या 'रिटर्न ऑफ द मॅक'चं. २००७ चा हा अल्बम प्रॉडिजीच्या उत्तम कामांपैकी आहे. आणि तो आला तेव्हा तुरुंगाचं दार उघडलं गेलं होतं. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याच्या गाडीत बेकायदा पिस्तूल सापडलं. शिक्षा झाली साडेतीन वर्षांची. यात त्याच्यावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. ज्या बंदुकांबद्दल तो गायला, त्यातली एक त्याच्याकडे होती.

न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या, कडक हिवाळ्याच्या भागातला तुरुंग. सिकलसेलवाल्याला थंडी म्हणजे शत्रू. तुरुंगातलं जेवण तेलकट, खारट, डबाबंद. भाजी-फळं नावाला. अशा ठिकाणी क्रायसिस येऊ द्यायचा नसेल तर माणसाला स्वतःचा डॉक्टर आणि स्वतःचा स्वयंपाकी व्हावं लागतं, आणि प्रॉडिजी झाला. तुरुंगाच्या कँटीनमधून, ज्याला तिथे कमिसरी म्हणतात, मिळेल ते विकत घ्यायचं, नूडल्सच्या पाकिटातला खारट मसाला टाळायचा, पाकिटबंद मासे, मिळालीच तर भाजी, आणि पाणी, सतत पाणी. २०१६ साली त्यानं याच अनुभवावर 'कमिसरी किचन' नावाचं पाककृतींचं पुस्तक काढलं. रॅपरनं पाककृतींचं पुस्तक लिहिलं म्हणून लोकांना गंमत वाटली. मी ते आजारपणाचं पुस्तक म्हणून वाचलं. बंद कोठडीत आपलं रक्त पातळ ठेवण्यासाठी एका माणसानं काय काय केलं, त्याची ती वही आहे.

७ मार्च २०११ रोजी तो सुटला. पुढच्याच महिन्यात 'माय इन्फेमस लाइफ' हे आत्मचरित्र आलं. हॅवॉकशी मध्ये बिनसलं, ट्विटरवर चव्हाट्यावर भांडण झालं, २०१३ मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले. 'द इन्फेमस'च्या जवळपास वीस वर्षांनंतर, २०१४ मध्ये, त्यांनी नवा अल्बम केला. वय चाळिशीकडे झुकलं होतं. त्याच्या पिढीतल्या सिकलसेलच्या पोराला लहानपणी एवढं आयुष्य कुणी कबूल केलं नव्हतं.

जून २०१७. 'आर्ट ऑफ रॅप' या दौऱ्यासाठी मॉब डीप लास वेगासला आले. वाळवंटातलं शहर, आणि त्या आठवड्यात उष्णतेची लाट. नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की मामी मामेभावाला दुपारी उंबरठा ओलांडू देत नाही, कारण घामावाटे पाणी गेलं की रक्त घट्ट होतं. वेगासच्या मैफलीनंतर प्रॉडिजीला क्रायसिस आला आणि रुग्णालयात दाखल करावं लागलं. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. तो दिवस त्यानं खाटेवर काढला. २० जूनला तो गेला. त्या दिवशी वेगासचा पारा ४७ अंशांवर होता. मृत्यूचं कारण म्हणून नंतर घशात अन्न अडकून झालेला अपघात असं नोंदलं गेलं. वय ४२.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवर जनुक बदलणाऱ्या दोन उपचारांना मान्यता मिळाली. त्यातल्या स्वस्त उपचाराची किंमत तेव्हा २२ लाख डॉलर होती. त्याच वर्षीच्या जुलैत आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीची. गावात शिबिर लागलं की मामेभाऊ तिथे मदतीला जातो. बोटातून रक्त घेताना पोरं घाबरतात, त्यांना तो धरून बसतो. लग्न ठरवायच्या आधी दोघांची तपासणी करा, हे तो आयाबायांना सांगतो तेव्हा स्वतःचं लाल कार्ड काढून दाखवतो.

हॅवॉकनं आणि अल्केमिस्टनं प्रॉडिजीच्या मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांवर नवे ठेके बांधले आणि २०२५ च्या ऑक्टोबरात 'इन्फिनिट' नावाचा मॉब डीपचा अल्बम आला. मामेभावानं मला रात्री अकराला फोन केला, "दादा, आला." मी गेलो तेव्हा तो गच्चीवर चटई टाकून बसला होता, शेजारी दोन लिटरची पाण्याची बाटली. ऑक्टोबरातली हवा, अंगावर शाल. त्यानं नेहमीसारखा एक इअरफोन माझ्याकडे सरकवला. आवाज तोच होता, तितकाच खाली, ठेक्याच्या किंचित मागे. तिसऱ्या गाण्याला त्यानं थांबवलं, बाटली उचलून चार घोट पाणी प्यायला, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.